सोलापूरहून भांबवली: एका दिवसाच्या सहलीचा उलटा हिशेब

आषाढी होऊन दहा दिवस झाले होते. सोलापुरात पावसाचा पत्ता नव्हता, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्यानं वजराई धबधब्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकला. खाली एकच ओळ: "एका दिवसात होतंय, पहाटे जाऊन रात्री परत." तासाभरात तेरा जणांनी नावं दिली. बेत आखायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत भूगोल शिकवते, शाळेच्या सहलीही बरीच वर्षं नेते, त्यामुळे घरात कुणाला दुसरं नाव सुचलंच नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. दर पावसाळ्यात सोलापूर, बार्शी, अक्कलकोट भागातून अशा गाड्या घाटाकडे निघतात, आणि मी ऐकलेले बहुतेक बेत आमच्या पहिल्या बेतासारखेच असतात. तो पहिला बेत तसाच पार पडला असता तर तेरा माणसं अंधारात, पावसात, अनोळखी कड्याजवळ असती. तेव्हा तो कसा होता आणि कसा बदलला, दोन्ही सांगते.

ठिकाण आधी. वजराई हा धबधबा सातारा जिल्ह्यात, कास पठाराच्या पलीकडे भांबवली गावाजवळ आहे. तीन टप्प्यांत कोसळतो, उंची सुमारे ५६० मीटर सांगतात. उरमोडी नदीचा उगम इथलाच. ही उरमोडी पुढे सज्जनगडाच्या पायथ्याशी धरणात अडवली आहे, आणि तिचं पाणी उचलून माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्याला दिलं जातं. म्हणजे सोलापूरहून साताऱ्याला जाताना म्हसवड-दहिवडीच्या ज्या माळावरून गाडी धावते, तिथल्या पिकापर्यंत हे पाणी आधीच येऊन पोचलेलं असतं. गाडी गावापर्यंत जाते, पुढे जंगलातली पायवाट. पावसाळ्यात वाटेवर शेवाळ, चिखल आणि जळवा.

माणसं तेरा. आबा, म्हणजे माझे सासरे, वय एकाहत्तर, पाय अजून शेतातले. आत्या सहासष्ट वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे. चार मुलं, सर्वांत धाकटी सहा वर्षांची. बाकी आम्ही मोठे सात, त्यातला पुतण्या एकोणीस वर्षांचा आणि सगळ्यांत उत्साही.

पहिला बेत भाऊजींनी एका कागदावर लिहून आणला होता. १५ ऑगस्टला सकाळी सहाला निघायचं. आठला पंढरपूर, विठ्ठलाचं दर्शन, नाश्ता. तिथून गोंदवल्याला महाराजांच्या समाधीचं दर्शन आणि दुपारचा प्रसाद. दोनला सातारा, तीन-साडेतीनला धबधबा, "मनसोक्त भिजायचं", मग परत. कागदावर धबधब्याच्या पुढे वेळच लिहिलेली नव्हती. नुसता एक बाण काढून "घरी".

तो बाण मला खटकला. सहलीचा कागद हातात आला की मी शेवटच्या ओळीपासून वाचते, ही शाळेची सवय. मी पेन घेतलं आणि उलटं मोजायला बसले.

ऑगस्टच्या मध्याला साताऱ्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पण घाटमाथ्यावर ढग खाली उतरलेले असले, धुकं असलं, तर साडेपाचलाच झाडीत दिसेनासं होतं. ओल्या पायवाटेवर आत्या आणि लहान मुलं असताना उजेड हातात हवाच. शिवाय कास ते सातारा हा रस्ता यवतेश्वर घाटातून उतरतो, आणि पावसाळ्यात तिथं दरड येते. तो घाट दिवसाउजेडी उतरायचा ठरवला तर साताऱ्यातून परतीला साडेचारला निघावं लागतं. म्हणजे भांबवलीतून तीनला गाडी हलली पाहिजे. म्हणजे धबधब्यापाशी अडीचला पाठ फिरवली पाहिजे. तिथं दोन तास तरी हवेत, जाण्याची चाल धरून तीन. म्हणजे गावात साडेअकराला पोचायचं. साताऱ्यात पावणेदहाला. सोलापूर ते सातारा, मोहोळ, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव या वाटेनं २३० किलोमीटरच्या पुढे. ट्रॅव्हलरला थांबे धरून पावणेसहा तास लागतात. म्हणजे घरातून पहाटे चारला.

सहाचे चार झाले, आणि दोन्ही दर्शनं बेतातून गेली. सगळ्यात जास्त बोलणं इथं झालं. आत्यांचं म्हणणं होतं, पंढरपुरातून जायचं आणि पांडुरंगाला भेटायचं नाही, हे बरोबर दिसत नाही. त्यांचं म्हणणं मी हलकं मानलं नाही. पण रांगेला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि ज्या थांब्याची वेळ आपल्या हातात नाही तो थांबा धबधब्याच्या दिवशी नको. मी त्यांना म्हणाले, "आत्या, पहाटे सव्वापाचला गाडी थांबवू, कळसाला हात जोडू. दर्शनासाठी आपण दोघी वेगळ्या येऊ, एकादशी सोडून." त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि "कबूल केलंस बरं का" एवढंच म्हणाल्या. ते वचन मी कार्तिकाच्या आधी पाळलं.

तारीखही बदलली. १५ ऑगस्टला घाटातल्या प्रत्येक धबधब्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा असतात, आणि गर्दीत परतीची वेळ पहिली मोडते. आम्ही पुढच्या आठवड्यातला बुधवार धरला. दोघांनी रजा टाकली, मुलांची शाळा एक दिवस बुडाली. शिक्षिका असूनही मला ते योग्यच वाटलं.

गाडीचं आणि चालकाचं. क्रूझर ठरली होती. तेरा माणसं, चालक, वर टपावर सामान, हे मला पटत नव्हतं, म्हणून सतरा सीटर ट्रॅव्हलर घेतली. त्याहून महत्त्वाचं, दोन चालक मागितले. गाडीवाल्यांनी आधी नाकारलं: "ताई, आमचा माणूस पट्टीचा आहे, रात्रीच तुळजापूर करून येतोय." नेमकं हेच मला नको होतं. रात्रभर जागलेला माणूस पहाटे चारला आमची गाडी हातात घेणार, बारा तास चाकावर बसणार आणि रात्री म्हसवड-पंढरपूरचा सरळ, अंधारा रस्ता चालवणार. डुलकी घाटात लागत नाही, वळणं माणसाला जागं ठेवतात. डुलकी सरळ रस्त्यावर, घर जवळ आल्यावर लागते. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ मध्येही चालकाला दिवसाचे आठ तासच काम धरलं होतं, आणि आमचं नुसतं चालवणंच त्याच्या दीडपट होत होतं. दुसऱ्या चालकाचे पैसे वाटून माणशी थोडेच वाढले. या खर्चावर मी घासाघीस केली नाही.

आता पाऊस. खरी चूक आम्ही इथंच करत होतो, आणि सोलापूरकर म्हणून आमच्या हातून ती फार सहज होते.

आपल्या जिल्ह्यात वर्षभरात साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या पावसाचा असतो. जुलैत आपल्याकडे ढग येतात, वारा सुटतो, धूळ उडते. त्याच जुलैत घाटमाथ्यावर दिवसरात्र कोसळत असतं. हवामान खात्याच्या मोजणीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की जोरदार पाऊस, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार, २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार. आपल्या वर्षाच्या पावसाचा तिसरा हिस्सा तिकडे एका दिवसात पडू शकतो. आणि आपण सकाळी गच्चीवर जाऊन आभाळ बघतो आणि म्हणतो, आज उघडीप आहे, निघू.

घाटाचा अंदाज घाटाचाच बघावा लागतो. खात्याच्या पत्रकात सातारा जिल्हा वेगळा आणि साताऱ्याचा घाटमाथा वेगळा असतो. शहराला पिवळा इशारा असताना घाटमाथ्याला नारंगी असू शकतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे, दोन वेळा मी तोच घाटमाथ्याचा रंग बघायचं ठरवलं. ठिकाण उघडं आहे का, हेही विचारून ठेवलं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात त्याकडे लोक जरा जास्त लक्ष देतात. असा आदेश पूर्वी कलम १४४ खाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. तो निघालेला असेल तर पुढे काही ठरवायचंच उरत नाही.

त्या भुशीच्या घटनेची दृश्यं सगळ्यांनी पाहिली आहेत. माणसं प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती. मी घरी सगळ्यांना बसवून त्यावर बोलले. मुलांना घाबरवायचं माझ्या मनात नव्हतं, पाणी काय करतं ते त्यांना कळावं एवढंच होतं. आमची मुलं विहिरीत आणि कॅनॉलला पोहायला शिकलेली. पुतण्याला वाटत होतं, पोहता येतं म्हणजे झालं. त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, म्हणून गुडघ्याएवढं पाणीसुद्धा उभ्या माणसाचे पाय काढतं. दोन, धबधब्याखालचं पांढरं, फेसाळ पाणी हवेनं भरलेलं असतं. ते विहिरीच्या पाण्यासारखं माणसाला उचलून धरत नाही, हातपाय मारूनही माणूस खाली जातो. त्याला दुसरी गोष्ट नवीन होती. तो म्हणाला, "म्हणजे पोहणाऱ्याला जास्त धोका." मला हेच त्याच्या तोंडून हवं होतं, कारण पाण्यात पहिली उडी असाच मुलगा टाकतो.

मग माझ्या मते या सगळ्या बेतातलं सर्वांत उपयोगी काम केलं. तीन अटी लिहिल्या आणि ग्रुपवर टाकल्या. घाटमाथ्याला नारंगी किंवा लाल इशारा असेल तर वजराई नाही. भांबवलीतला माणूस पायवाटेवरचा ओढा गुडघ्याच्या वर सांगेल तर वजराई नाही. साताऱ्यात साडेदहाच्या पुढे पोचलो तर वजराई नाही. तिन्हींपैकी एक जरी मोडली, तरी साताऱ्यातूनच ठोसेघरला वळायचं आणि त्यावर गाडीत चर्चा करायची नाही. प्रत्येकानं खाली "मान्य" लिहायचं. सगळ्यांनी लिहिलं, आत्यांनी नातीकडून लिहून घेतलं.

हे आधी लिहून घ्यायचं कारण मला सहलींवरून माहीत आहे. अडीचशे किलोमीटर आलेल्या माणसाला "नको" ऐकवत नाही. जागेवर निर्णय घ्यायचा ठेवला तर तो निर्णय नेहमी "एवढं आलोय तर जाऊ" असाच होतो. निर्णय घरात, कोरड्या कपड्यांत, चहा पिताना घेऊन ठेवायचा.

ठोसेघरच का, तेही सांगते. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आत, सज्जनगडाच्या रस्त्यानं. तारळी नदीचं पाणी तिथं दरीत कोसळतं, आणि ते आपण समोरच्या कड्यावरून, कठडा घातलेल्या गॅलरीतून बघतो. पाण्यात उतरायचा प्रश्नच येत नाही. वाट थोडी आणि बांधलेली, आत्यांना जमण्यासारखी. पर्यायी ठिकाण मूळ ठिकाणापेक्षा सोपं असावं लागतं. तेवढंच अवघड दुसरं ठिकाण हा पर्याय होत नाही.

भांबवलीतल्या माणसाचा नंबर शाळेतल्या एका सातारकर बाईंनी मिळवून दिला. गावात येणाऱ्यांना ते पिठलं-भाकरी करून घालतात. आदल्या दिवशी फोन केला तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारलं: किती जण, मुलं किती लहान, म्हातारी माणसं आहेत का, पायात काय घालणार. इतके नेमके प्रश्न मला गाडीवाल्यांनीही विचारले नव्हते.

सामानाचं फार लांबवत नाही, पण सोलापूरकरांना दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. आपल्या घरात रेनकोट नसतात. छत्री असते, ती उन्हाची. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात छत्री पहिल्या मिनिटाला उलटते. प्रत्येकाला रेनकोट घेतला, मुलांच्या पायात खाचांच्या तळाचे बूट दिले, जळवांसाठी लांब मोजे आणि मिठाची पुरचुंडी. खाण्याला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि लोणचं. कडक भाकरी पावसाळी हवेत मऊ पडते, म्हणून पत्र्याच्या डब्यात कागद घालून घट्ट बांधली. बायकांच्या सोयीचे थांबे मी वेगळे लिहिले: पंढरपूरबाहेरचा पेट्रोलपंप, दहिवडी, सातारा. पुरुषांनी आखलेल्या बेतात हे कधी लिहिलेलं नसतं, आणि मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

बुधवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी गाडी हलली. घाटमाथ्याला पिवळा इशारा होता, म्हणजे पहिली अट सांभाळली होती. सव्वापाचला पंढरपुरात थांबलो, आत्यांनी गाडीतूनच हात जोडले, डोळे मिटून दोन मिनिटं बसल्या. म्हसवड यायच्या आधीच उजाडलं. माळ कोरडा, मेंढ्यांचे कळप, खांद्यावर घोंगडी टाकलेले मेंढके. आबा खिडकीतून कॅनॉल शोधत होते. एके ठिकाणी हिरवा पट्टा दिसला तसे म्हणाले, "हे उरमोडीचं." कोरेगाव मागे पडलं आणि पश्चिमेकडे डोंगरांवर करडा, जाड ढग दिसू लागला. डोंगराची माथी त्यात बुडालेली. साताऱ्यात मात्र लख्ख ऊन.

नऊ पन्नासला चहाला थांबलो. तिसरी अटही सांभाळली होती. मी भांबवलीला फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. पलीकडून आवाजाआधी पाऊस ऐकू आला.

"ताई, रात्रभर कोसळतोय. वाटेवरचा ओढा मांडीला लागतोय. आमची माणसं दोर धरून जातायत. पोरंबाळं घेऊन आज येऊ नका."

मी सगळ्यांना सांगितलं. कुणी बोललं नाही, पण तोंडं उतरली. पुतण्या रस्त्याच्या मधोमध उन्हात जाऊन उभा राहिला. "काकू, ऊन पडलंय की. इथून जवळ राहिलंय. निदान जाऊन बघू, नसलं जमत तर परत फिरू."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. माझ्याही डोक्यावर ऊनच होतं. मी ग्रुपवरची अट उघडून दाखवणार, तेवढ्यात आबांनी कप खाली ठेवला.

"उजनी भरायला सोलापुरात पाऊस लागतो का रं?"

पुतण्या काही बोलला नाही.

"दौंडला विसर्ग वाढला की आपण घरात बसून म्हणतो, आता धरण हलतंय. आपल्याकडं ढेकूळसुद्धा भिजलेलं नसतंय. मग इथलं ऊन कशाला दाखवतोस? पाणी वरून येतंय."

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला याहून सोपं करून सांगता येणार नाही. भीमेवरचं ११७ टीएमसीचं, म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचं ते धरण, त्यातला त्रेसष्ट टीएमसीहून जास्त मृतसाठा, उन्हाळ्यात उण्यात गेलेले टक्के, हे आम्हाला तोंडपाठ असतं. उजनी पुण्याकडच्या डोंगरांतल्या पावसावर भरते हे शाळेतलं पोरगंही सांगतं. धबधब्याशी गेल्यावर मात्र हेच ज्ञान आठवत नाही. आणि तिथं हिशेब जास्त कडक असतो. भीमेचं पाणी शेकडो किलोमीटर वाहत येतं, त्याला वेळ लागतो, दौंडचा आकडा आधी कळतो. धबधब्याच्या वरचं पाणलोट म्हणजे थोडंसं पठार, कातळ आणि जांभ्याचं, वर वीतभर माती. पाणी मुरायला जागा नाही. वर सर कोसळली की अर्ध्या तासात खाली लोंढा येतो, आणि खाली उभ्या माणसाच्या अंगावर त्या वेळी ऊन असू शकतं. पाणी अचानक गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, आवाज जड होणं, या खुणा दिसल्या की सामान सोडून काठावर चढायचं. मुलांकडून मी हे घरीच पाठ करून घेतलं होतं. पण ओढा आधीच मांडीला लागत असताना खुणांची वाट बघायची गरज नव्हती.

पुतण्या गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसला. दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही ठोसेघरच्या रस्त्याला लागलो.

सज्जनगड उजवीकडे की डावीकडे हेसुद्धा कळत नव्हतं, इतकं धुकं. पायथ्याच्या वळणावर आत्यांनी अंदाजानंच हात जोडले. गॅलरीत पोचलो तेव्हा समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. आवाज मात्र होता, छातीत घुमणारा. मुलं कठड्याला धरून उभी, कुणी काही बोलत नव्हतं. वीसेक मिनिटं तसेच उभे राहिलो. मग वारा फिरला, धुक्याचा पडदा खालून वर उचलला गेला, आणि आधी दरीचा तळ, मग काळा ओला कडा, मग वरपासून खालपर्यंत अख्खं पाणी दिसलं. आत्या "अगं बाई" म्हणाल्या आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला. धाकटीनं विचारलं, "हे बंद कोण करतं?" सोलापुरात नळाला पाणी येतं आणि जातं, पाचव्या-सहाव्या दिवशी भरून ठेवायचं, एवढंच त्या पोरीला माहीत. तिच्या आईनं तिला उचलून घेतलं. पाच मिनिटांत पडदा पुन्हा पडला.

आमच्या सुधारलेल्या बेतातही चुका राहिल्या. मी पाण्याचा इतका विचार केला की वाऱ्याचा राहिला. बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणारी आमची मुलं त्या ओल्या वाऱ्यात अर्ध्या तासात थरथरायला लागली, धाकटीचे ओठ निळसर झाले. कोरडे कपडे आणले होते, पण ते गाडीत सगळ्या पिशव्यांच्या खाली. ते काढेपर्यंत तिला सोलापुरी चादरीत गुंडाळून बसवलं. चादर सुती, ओलावा धरते, तिच्यापेक्षा आबांची जुनी घोंगडी बरी ठरली असती. कोरडे कपडे आणि लोकर सर्वांत वर, चालकाच्या मागच्या सीटवर, हे आता कागदावर पहिलं लिहिलं आहे. दुसरी चूक उलटीची. घाटाची सवय नसलेल्या दोन मुलांना मागं बसवलं होतं, त्यांना पुढं बसवायला हवं होतं.

दोनला गॅलरी सोडली. गाडीत बसून कडक भाकरी मोडली, ती कुरकुरीत होती. साडेचारऐवजी चार वीसला साताऱ्यातून निघालो. दहिवडीला चालक बदलला. दुपारी झोप काढलेला माणूस ताज्या डोळ्यांनी पुढचा अंधारा रस्ता चालवत होता आणि मागे सगळे झोपले होते. रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी घरी. सोलापुरात तेव्हाही पाऊस नव्हता.

सप्टेंबरच्या अखेरीला आमच्याकडे परतीचा पाऊस गडगडाट करत कोसळायला लागला. त्या दिवसांत पुतण्या एका संध्याकाळी माझ्याकडे आला. मोबाइलवर साताऱ्याच्या घाटमाथ्याचा चार दिवसांचा अंदाज उघडलेला होता, आणि एका कागदावर त्यानं शेवटच्या ओळीपासून वर वेळा लिहिल्या होत्या. सूर्यास्त त्यानं साडेसहाच्या आत धरला होता, ऑगस्टपेक्षा अर्धा तास अलीकडे. पाच जण, सगळे मोठे, दोन चालवणारे. मी भांबवलीला फोन लावून त्याच्या हातात दिला.

"किती जण?" पलीकडून विचारलं.

"पाच. लहान कुणी नाही. पायात बूट आहेत," तो म्हणाला, आणि मग न विसरता, "ओढा किती आहे?"

"घोट्याला. पण आदल्या रात्री फोन करा, तेव्हाचं तेव्हा सांगीन."

त्यानं कागदावर आदल्या रात्रीचे नऊ वाजता अशी एक ओळ वर चढवली.